अनंताचा वाफा

नर्सरीत त्याला सगळे वैद्य म्हणत. माणसांचा नव्हे, मातीचा. कुणाच्या बागेत काही उगवेना, उगवलेलं टिकेना, टिकलेलं फुलेना, की लोक पिशवीभर माती घेऊन फाटकापाशी येत आणि विचारत, "वैद्य आहेत का?" मग तो शेडमधून हात पुसत बाहेर येई, पिशवीचं तोंड उघडून आत नुसती नजर टाकी आणि म्हणे, "खालून काढलीत की वरवरची खरवडली?" बहुतेकांनी वरवरचीच खरवडलेली असे. तो पिशवी परत करी. "वीतभर खोल जा. मुळं जिथे जेवतात तिथली आणा. स्वयंपाक आत चाललाय आणि तुम्ही अंगण झाडून आणता."

लोक हसत आणि खोल खणून पुन्हा येत. त्याच्या शब्दाला तेवढं वजन होतं. आणि ते आहे, हे त्याला ठाऊक होतं. चालताना त्याची मान थोडी वरच असे.

पण खरं सांगायचं तर ही विद्या मुळात त्याची नव्हती. त्याच्या बायकोची होती. दोघं नवराबायको याच नर्सरीत कामाला लागली, याच शेडमध्ये म्हातारपणाकडे झुकली. तो खणायचा, वाहायचा, छाटायचा. ती रोपं करायची. नवी माती आली की ती चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवी, डोळे मिटे, मग बाजूला थुंकून सांगे, "आंबट आहे, चुना लागेल." किंवा, "हिच्यात चुनखडी आहे. अनंत नाही यायचा, दुसरं काहीही लावा."

"घरी जेवायला कमी पडतं की काय तुला?" तो म्हणे.

"तुमच्या हातच्या भाजीपेक्षा ही बरी लागते," ती म्हणे.

शेडच्या मागच्या अंगाला एक लांबट वाफा होता. कुणीतरी उपटून टाकलेल्या अनंताची एक काडी तिने उचलून आणली, वाळूत लावली, जगवली. त्या एकीच्या दोन केल्या, दोनाच्या पाच. अकरा वर्षांत त्या वाफ्यात बेचाळीस झुडपं उभी राहिली, कमरेएवढी, गच्च काळ्याहिरव्या पानांची. फुलं फुलवाला घेऊन जाई. रोपं मात्र तिने कुणालाच दिली नाहीत. "आधी आई नीट भरू दे, मग लेकी," असं ती म्हणे. नर्सरीच्या मालकीणबाईंनीही कधी घाई केली नाही.

मग ती आजारी पडली. फार दिवस गेले नाहीत. दवाखान्यातल्या खाटेवरून, गॅस बंद केलात ना विचारावं तितक्या सहज, ती त्याला म्हणाली, "वाफ्याचं बघा हं." तो हो म्हणाला. ते शेवटचं नीटसं बोलणं.

घरात तिच्या साड्या होत्या, चष्मा होता, फोटोही होता. पण त्यातलं काही वाढत नव्हतं. वाफा वाढत होता. तिच्या हातचं जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं आणि ते त्याच्या हाती होतं. आता त्याचं सगळं जगणं या एका गोष्टीवर टेकलं होतं: बेचाळीस झाडं. एकेचाळीस नाही.

अडचण एकच. तिची जीभ त्याला नव्हती. त्याने करून पाहिलं. माती जिभेवर ठेवली की त्याला मातीच लागे.

मालकीणबाईंच्या टेबलाच्या खणात एक मीटर पडून होतं, मातीचा पीएच मोजायचं, जाडजूड पेनासारखं. हौसेने आणलेलं, कुणी हात न लावलेलं. तो ते मागून घेऊन गेला. सोबतचा माहितीचा कागद त्याने महिनाभर वाचला, दुमडून खिशात ठेवला, पुन्हा वाचला. कागदावर पीएचला सामू म्हटलं होतं. त्याने तोही शब्द पाठ केला. सात म्हणजे मधोमध. सातच्या खाली आंबट, वर चुनखडीकडे. अनंताला आंबटसर माती लागते, साडेपाच-सहाच्या आतबाहेर. मीटरबरोबर दोन बाटल्या होत्या, एक चारची, एक सातची. रोज काम सुरू करण्याआधी तो मीटर दोन्हींत बुडवून बघे, आकडा बरोबर येतो का. घड्याळ जुळवावं तसं.

वाफ्यात पाच ठिकाणी वीतभर खणायचं, पाचही ओंजळी एकत्र करायच्या, सावलीत वाळवायच्या, चाळायच्या. मग पेल्यात थोडी माती, वर बॅटरीचं पाणी, काडीने ढवळायचं, अर्धा तास थांबायचं, मग मीटर. बॅटरीचं पाणी म्हणजे बॅटरीत घालतात ते, बाटलीतलं. कागदावर तसंच लिहिलं होतं, म्हणून तो नाक्यावरच्या बॅटरीवाल्याकडून आणी.

पहिला आकडा आला सहा पूर्णांक चार. त्याने गंधकाची भुकटी घेतली, अगदी मुठी-मुठीने, आणि मातीत कालवली. गंधक माती आंबट करतं, पण सावकाश, महिने लागतात. वर्षाने आकडा पाच पूर्णांक सहावर आला. त्या वर्षी वाफा असा फुलला, की फुलवाला दोन टोपल्या घेऊन आला आणि तिसरी मागायला परत गेला. वैद्य हे नाव पडलं ते त्या वर्षी. लोक माती घेऊन येऊ लागले.

मग बॅटरीवाल्याने दुकान हलवलं, पार पुलापलीकडे. निघण्याआधी वैद्याने त्याला सहज विचारलं होतं, "या पाण्यात असतं तरी काय?"

"काहीच नसतं," बॅटरीवाला म्हणाला. "काहीच नसतं म्हणून तर घेतात."

हे उत्तर वैद्याच्या डोक्यात घर करून बसलं. ज्यात काहीच नाही ते काय सांगणार? मेलेलं पाणी ते. शेडमध्ये नळ होता, बोअरचा. पाणी स्वच्छ, गार, प्यायला गोड. त्याने ते फडक्यातून दोनदा गाळलं आणि त्यात माती ढवळली. बाकी सगळं तसंच केलं: पाच ओंजळी, सावली, चाळण, दोन बाटल्यांशी मीटर जुळवणं. थोडं पाणी जास्तच घातलं, मीटरला नीट बुडता यावं म्हणून.

आकडा आला सात पूर्णांक सहा.

वर्षभर गंधक घालूनही पीएच चढला होता! आपण झोपलो होतो की काय, असं त्याला वाटलं. त्याने पुन्हा माती काढली, पुन्हा ढवळली. सात पूर्णांक सहा. नळाच्या पाण्याचा संशय त्याला शिवला नाही. पाणी पाणीच असतं. त्याने गंधकाच्या मुठी दुप्पट केल्या.

यानंतरची दोन वर्षं सांगताना जीव जड होतो, कारण त्यात कुठेही आळस नाही. दर महिन्याला तो माती तपासी आणि वहीत आकडा लिही. सात पूर्णांक सहा. सात पूर्णांक पाच. सात पूर्णांक तीन. "उतरतोय," तो म्हणे. "हळूहळू उतरतोय." आणि गंधक घाली. आकडा उतरत होता हे खरंच होतं, म्हणून तर त्याचा विश्वास बसला.

झाडं मात्र बसू लागली. नवे फुटवे आखूड यायला लागले. पानांच्या कडा करपल्या. मग पिवळेपणा आला, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं.

पिशव्या भरायच्या ओट्यावर त्याची मेहुणी काम करी, बायकोची धाकटी बहीण. हात चालवता चालवता तोंड चालवणारी. एक दिवस ती वाफ्याकडे गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भावोजी, ही खालची पानं पिवळी होताहेत."

"चुनखडी चढली की होतात. लोह मिळत नाही झाडाला."

"लोह मिळालं नाही की शेंड्याची पानं पिवळी होतात. हे तुम्हीच मला शिकवलंत. इथे शेंडे हिरवे आणि खालची जुनी पानं पिवळी."

"मीटर सात पूर्णांक तीन दाखवतंय."

"मीटरला पानं दिसतात का?"

"तुला दिसतात ना? मग पिशव्या भर."

ती गेली नाही. तिने खाली बसून चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे. दात आंबतील इतकी."

वैद्य हसला. ते हसू पुढे त्याला कितीदा आठवलं असेल कोण जाणे. "तुझी जीभ तिच्यासारखी नाही," तो म्हणाला.

ती उठली, तोंड धुऊन आली आणि त्या दिवशी पुढे काही बोलली नाही. असा दिवस नर्सरीत कुणाला आठवत नव्हता.

त्याच सुमारास तिने आपल्या घराच्या अंगणातली माती डब्यातून आणली. "ताईचं एक रोप माझ्या दाराशी असू दे. एकच. छाटणीत काडी निघेल ना?"

त्याने इमानदारीने माती तपासली. सावलीत वाळवून, चाळून, दोनदा गाळलेल्या नळाच्या पाण्यात. सात पूर्णांक नऊ.

"नाही जगायचा," तो म्हणाला. "उगाच तिच्या हातची काडी मारशील."

"बादलीभर गंधक माझ्याही अंगणात ओता की मग."

"चेष्टा करू नकोस. आधी इथली सुधारू दे."

तिने डबा उचलला. "बरं बाई. वैद्यापुढे कुणाचं चालतं?"

पहिलं झाड गेलं तेव्हा त्याने ते दोन आठवडे उपटलं नाही. तिसऱ्यानंतर त्याने मोजणं सोडलं आणि तरीही आकडा त्याला कळत राहिला. नऊ गेली तेव्हा मालकीणबाई त्याला बोलावून म्हणाल्या, "वाफा रिकामा करून कुंपणाची रोपं लावू या का? अनंत काय, कुठेही मिळतो. नवीन आणू."

"मिळतो," तो म्हणाला. "थोडे दिवस द्या. पीएच उतरतोय."

त्यांनी दिले. त्या वाईट नव्हत्या.

मग जनरेटरची बॅटरी कोरडी पडली आणि मालकीणबाईंनी त्यालाच पुलापलीकडे पाठवलं. बॅटरीवाल्याने त्याला ओळखलं आणि बसायला खोकं पुढे केलं.

"काय वैद्य! मीटर मोडलं वाटतं? दोन वर्षं पाणी न्यायला फिरकला नाहीत."

"मीटर ठणठणीत आहे. नळाचं पाणी घेतो हल्ली. गाळून."

"बोअरचं?" बॅटरीवाला मोठ्याने हसला. "अहो, तुमच्या बाजूच्या बोअरचं पाणी बॅटरीत घातलं तर माझी बॅटरी आठवड्यात राम म्हणेल. त्यात निम्मा चुना असतो. तुमच्या चहाच्या किटलीत बघा एकदा वाकून."

वैद्य हसला नाही. त्याने बॅटरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि पूल चालत ओलांडला. बस मागून येऊन पुढे गेली ती त्याला दिसली नाही.

शेडमध्ये येऊन त्याने आधी किटली उघडली. आत पांढरी खपली होती, नखाएवढी जाड. गेली कितीतरी वर्षं तो त्याच किटलीतला चहा पीत होता. त्याने एका पेल्यात नुसतं नळाचं पाणी घेतलं, माती न घालता, आणि मीटर बुडवलं. आठ पूर्णांक तीन.

मग दुसरा पेला घेतला. वाफ्यातली माती, बाटलीतलं पाणी. ढवळलं. अर्धा तास तो पेल्यासमोर खुर्चीत बसला. मेहुणी दोनदा येऊन गेली. त्याने वर पाहिलं नाही.

चार पूर्णांक एक.

त्याने मीटर पुसलं, दोन्ही बाटल्यांत बुडवून तपासलं. चारला चार, सातला सात. मीटर पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. झाडांना जाणारं पाणी छपरावरून टाकीत साठवलेलं, मऊ, त्यात चुना नाही. त्या पाण्याने गंधकाचा आंबटपणा मारला नव्हता. चुना होता तो फक्त त्याच्या पेल्यात. मातीचा आकडा म्हणून दोन वर्षं वहीत जे लिहिलं, त्यात बोअरचं पाणी मिसळलेलं होतं. आणि त्या आकड्यावर विसंबून त्याने मूठ-मूठ करून झाडांची मुळं जाळली होती.

मेहुणी तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याने तिला सांगितलं. सगळं, क्रमाने, आकड्यांसकट. ती हातातली पिशवी न ठेवता ऐकत राहिली.

"म्हणजे आंबट होती," ती म्हणाली.

"होती."

"माझ्या जिभेला कळलं होतं."

"कळलं होतं."

मग ती अगदी हळू म्हणाली, "आणि माझ्या अंगणातली?"

त्याने मान खाली घातली. आपल्याला विचारलं जाईल तो प्रश्न हाच, हे त्याला पेल्यासमोर बसल्या बसल्याच कळलं होतं.

"चांगली असणार," तो म्हणाला. "वाफा चांगला होता तेव्हाही नळाच्या पाण्यात सात पूर्णांक सहाच आला होता. तुझीही अनंताला हवी तशीच असणार."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "भावोजी, तेव्हा शेंडे हिरवे होते. एक काडी मागितली होती मी. एक." आणि ती ओट्याकडे निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने चुन्याची भुकटी आणली. ती एकदम ओतली तर उरलीसुरली मुळंही भाजतील, हे त्याला माहीत होतं. म्हणून चमचा-चमचा घालून बोटांनी वरच्या मातीत कालवत तो वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुडघ्यांवर सरकला. उठताना त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला. आठवड्याने आकडा चार पूर्णांक दोन. मग चार पूर्णांक चार. माती सुधारत होती. झाडं तिची वाट पाहायला तयार नव्हती.

एका झाडाच्या बुंध्याशी त्याने माती उकरून पाहिली. पांढरं, नवं, केसासारखं मूळ एकही नव्हतं. होती ती तपकिरी, आखूड, टोकाशी गाठाळलेली, जळक्या वातींसारखी.

तेव्हा मेहुणी आपणहून आली. "काड्या घेऊ," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण ती आली होती. "जिथे जरा हिरवं आहे तिथल्या. ताई आजारी झाडाची काडी घ्यायची नाही, पण आता निवडायला काय उरलंय?"

दोघांनी मिळून सव्वीस काड्या काढल्या. वाळू उकळत्या पाण्याने धुतली. या वेळी तिने त्याला विचारलं, "पाणी कुठलं?" आणि त्याने निमूट छपराच्या टाकीकडे बोट दाखवलं. वर प्लॅस्टिकचा कागद ताणला. दिवसातून चार वेळा ती फवारा मारी, चार वेळा तो. दोघं एकमेकांशी त्या काड्यांपुरतं बोलत. "पान धरलंय." "ही मान टाकतेय." "हिचा डोळा अजून हिरवा आहे."

बाराव्या दिवशी बुडापासून काळेपणा चढू लागला. तिने रोज काळी पडलेली काडी उपटून बाजूला ठेवली, फेकली नाही. विसाव्या दिवशी वाळूत तीन उरल्या. मग एक. ती एक चांगली हिरवी दिसत होती आणि दोघांनीही तिच्याबद्दल बोलायचं टाळलं. शेवटी मेहुणीने तिला दोन बोटांत धरून अलगद ओढलं. मूळ आलंय की नाही हे पाहायला असंच ओढतात. आलं असेल तर काडी अडते.

ती अडली नाही.

"आता काढा सगळं," मेहुणी म्हणाली. "मला बघवत नाही."

त्याने दुपारपासून कुदळ चालवली. बेचाळीसपैकी तेव्हा एकोणीस उभी होती, उभी म्हणायची इतकीच. इतक्या वर्षांची झुडपं, पण खणायला जोर लागला नाही. धरायला खाली मुळंच नव्हती; दोन घावांत झाड हातात येई. प्रत्येक वेळी त्याने जोर जास्त लावलेला असे आणि प्रत्येक वेळी त्याचा तोल मागे जाई. मेहुणी बुंध्यांची माती झटकून ती ढकलगाडीत रचत होती. तिने रडू आवरलं नव्हतं, पण कामही थांबवलं नव्हतं.

मालकीणबाई वाफ्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. मग कामाचं बोलणं हेच अशा वेळी सोपं असतं म्हणून त्यांनी विचारलं, "वैद्य, या मातीचा पीएच आता किती धरू? त्याप्रमाणे रोपं मागवते."

त्याने सकाळीच तपासला होता. बाटलीतल्या पाण्यात, दोनदा. वही खिशात होती, आकडा वहीत होता आणि बरोबर होता. त्याने तोंड उघडलं. आकडा आला नाही.

"मला नका विचारू," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

"अहो, तुमच्याशिवाय इथे कोण तपासणार?"

"बाहेर पाठवा. प्रयोगशाळेत पाठवा. माझ्या आकड्यावर काही लावू नका."

मालकीणबाईंनी मेहुणीकडे पाहिलं. तिने झटकत असलेला बुंधा हातात तसाच धरला होता. ती त्याच्या बाजूने काहीतरी बोलेल असं क्षणभर वाटलं. तिचे ओठ हललेही. पण मग तिने तो बुंधा गाडीत ठेवला आणि पुढच्यासाठी हात पुढे केला.

त्याने कुदळ उचलली. अजून सात उरली होती.